वामनच्या नावानं फणसांबा

कुलाबा जिल्ह्यात लोक जातात ते हवापालटाला, कुलदैवताला किंवा कोर्टाच्या तारखेला. झाडावरची आळंबी आणायला मुंबईहून थेट आगरदांड्यापर्यंत गेलेला माणूस बहुधा मी एकटाच. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि जे जाणार आहेत त्यांना एक सूचना : तिथं जाऊन खोटं बोलायचं असेल, तर तान्ह्या पोराला दात कधी येतात ते आधी घरात विचारून जा.

या प्रवासाचं कारण आमचे साहेब, वामनराव. केसांचं तेल, दंतमंजन आणि बाळघुटी करणाऱ्या त्यांच्या कारखान्यात मी सहा वर्षं हंगामी कारकून होतो. रशियाशी आपली नवी नवी मैत्री जमली त्या दिवसांत व्यापाऱ्यांचं एक शिष्टमंडळ तिकडे गेलं, त्यात साहेबही गेले. येताना एक केसाळ टोपी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. टोपी मुंबईच्या उकाड्यात दोनच दिवस टिकली. डब्याचं मात्र देवघर झालं. त्यात तपकिरी भुकटी होती आणि वर काळ्या, जळक्या ढेकळाचं चित्र.

त्या भुकटीचं नाव चागा. बर्फाच्या मुलखात भूर्जाच्या झाडाला फुटणारी ती आळंबी. तिकडचे लाकूडतोडे चहा मिळाला नाही की ती उकळून पितात, पोट बिघडलं की पितात, अंग मोडून आलं की पितात, आणि उरलेल्या तुकड्यावर चकमकीची ठिणगी धरून चूल पेटवतात. एरंडेलाला कुणी एवढी कामं सांगितली असती तर त्यानं राजीनामा दिला असता. रोज चार वाजता साहेबांच्या खोलीतून प्रत्येकाला अर्धा कप यायचा. साहेबांचा कप म्हटल्यावर गुण येणारच. हेडक्लार्कचे गुडघे बरे झाले, टायपिस्टची सर्दी गेली. माझी नोकरी सोडून कारखान्यात सगळ्यांचं सगळं सुधारलं.

साहेबांनी त्यावर संशोधनही केलं. आपले ऋषी भूर्जपत्रावर लिहीत. म्हणजे भूर्जाच्या जवळ बसत. म्हणजे चागा पीत असलेच पाहिजेत. म्हणजे रशियनांनी तो आपल्याकडूनच नेला. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की शेवटी डबा रिकामा झाला तेव्हा रशियनांनी तो दुसऱ्यांदा नेल्यासारखं दुःख आम्हाला झालं.

त्या दुःखाच्या भरात मी बोलून गेलो, "साहेब, असली आळंबी आपल्या कोकणात फणसाच्या जुन्या खोडाला येते. फणसांबा म्हणतात. सहाणेवर उगाळून पोरांना देतात."

"तुम्ही पाहिलाय?"

"लहानपणापासून," मी म्हणालो. फणसांबा मी आयुष्यात पाहिला नव्हता. आईच्या तोंडून नाव तेवढं ऐकलं होतं.

"गद्रे, दहा शेर घेऊन या," साहेब म्हणाले. "आलात की तुमच्या कायम होण्याचं बघतो."

सहा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी येऊन सुमतीला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आणि नाही मिळाला तर?" शुभ कामाला निघताना बायकोनं विचारू नये असे जे प्रश्न आहेत, त्यांत हा पहिला.

अलिबाग

रेवसपर्यंतच्या लाँचबद्दल लिहीत नाही. समुद्र शांत होता, मी नव्हतो. रेवसहून एस्टीनं अलिबागला पोचलो आणि चौकशी करत एका वैद्यबुवांच्या ओसरीवर गेलो. ते पंचा नेसून पत्ते खेळत होते. फणसांबा म्हणताच त्यांनी पत्ते उलटे ठेवले.

"ग्रंथात आहे," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"ते बघावं लागेल. तुम्हाला कशाला हवा?"

मी रशियाची सगळी हकिगत सांगितली. बुवांचा चेहरा उजळला. "रशियात सापडलं? मग आमच्या ग्रंथात असणारच." त्यांनी तीन पोथ्या सोडल्या. एकीत वाळवी निघाली, दुसरीत कुणाची तरी जन्मपत्रिका, तिसरीत बुवांचा बरेच दिवस हरवलेला चष्मा. तो लावल्यावर त्यांना मी पहिल्यांदा नीट दिसलो असावा, कारण मग ते माणसासारखे बोलले. फणसांबा लाकडासारखा टणक असतो. पोराचं तोंड आलं, लाळ गळायला लागली, हगवण लागली की पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात, थोडा चाटवतात. एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

"दहा शेर म्हणता? अहो, तेवढ्यात अख्ख्या जिल्ह्याची लाळ थांबेल! माझ्याकडचा आजोबांच्या वेळचा, तो संपला. आगरदांड्याला हिराबाय म्हणून कोळीण आहे, तिच्याकडे असतो. मीही पेशंट तिच्याकडेच पाठवतो." हे शेवटचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून सांगितलं आणि पत्ते पुन्हा हातात घेतले.

आगरदांडा

रेवदंड्याच्या खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, गाठताना माझी डावी चप्पल चिखलानं ठेवून घेतली. उजवी मी हातात घेऊन मुरूडपर्यंत गेलो आणि तिथं शहाणपण सुचून टाकून दिली. आगरदांड्याच्या धक्क्यावर उतरलो तो असा अनवाणी, खांद्यावर दहा शेरांची रिकामी पिशवी.

जागा सुरेख आहे. खाडी इथं रुंद होते, पलीकडे दिघी, तिच्यामागे डोंगर, आणि मधल्या पाण्यात शिडाच्या होड्या कामाला लागलेल्या. किनाऱ्यावर दगडांच्या चुलीवर एक भलं मोठं तांब्याचं भांडं उकळत होतं. मला वाटलं, गावजेवण. जवळ जाऊन पाहिलं तर झाडाच्या सालीचा काढा, आणि त्यात जाळी शिजत होती! जाळं कुजू नये म्हणून कोळी ते असं रंगवतात. रंग कडक चहाचा आणि वास तुरट, खारट, नाकात बसून राहणारा.

हिराबाय पन्नाशीची, आडव्या बांध्याची. ओटीवर सुकट निवडत बसली होती. डोक्यावर दोरीला जाळ्याचे जुने बोये टांगलेले होते. बोया म्हणजे जाळं पाण्यावर तरंगत ठेवणारा लाकडाचा ठोकळा. पलीकडे तिची सून मांडीवर तान्ही मुलगी घेऊन बसली होती. मुलीचं नाव कमळी. तिचं तोंड आलं होतं, दोन दिवस धड दूध ओढत नव्हती, आणि एवढ्याशा जिवाला रडण्याचंही बळ उरलं नव्हतं. सहाणेवर तपकिरी ओघळ ताजा दिसत होता. हिराबायनं बोटानं तो पुसून नातीच्या हिरड्यांना लावला. उगाळलेला तुकडा मात्र आधीच आत डब्यात गेला होता.

"फणसांबा पायजे? कुनाला?" तिनं विचारलं.

"आमच्या कारखान्याला."

तिनं माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. "कारखान्याचं तोंड आलंय काय?"

संभाषण तिथंच आटोपलं.

धक्क्यावर हुसेनभाईंचं चहाचं दुकान होतं. त्यांच्या बाकड्यावर बसून मी माझं रडगाणं गायलो. हुसेनभाईंनी बशी पुढे सरकवली. "अवो, फणसांबा कुनी ईकत न्हाय. ईकला का गुन गेला. डोंगरातलं कातकरी सुकी मासली घेऊन जातात, बदल्यात कवातरी आनून देतात. ज्याच्या घरी पोर आजारी, त्यानं पोराचा नाव सांगून मागायचा. पोराच्या नावानं मागितला का मग न्हाय म्हनत न्हाय हिराबाय."

आता वाचकहो, माझ्या लग्नाला चार वर्षं झाली आहेत आणि आम्हाला मूलबाळ नाही. या विषयावर आमच्या घरात पाहुणे बोलतात, आम्ही बोलत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिराबायच्या ओटीवर उभा राहून म्हणालो, "काल लाजलो. खरं म्हणजे माझ्या मुलासाठी हवाय."

हिराबायनं सूप खाली ठेवलं. शेजारच्या चारपाच बायका जमल्या.

"नाव काय पोराचं?"

जगातली सगळी नावं डोक्यातून पळून गेली. सहा वर्षं ज्याचा जप केला ते एकच उरलं. "वामन," मी म्हणालो.

"किती म्हयन्याचा?"

"दोन."

"दात?"

दुखणं जरा भारी वाटावं म्हणून मी म्हणालो, "चार."

"चावत आसंल आईला!"

"फार," मी म्हणालो. बायकांनी पदरात तोंडं खुपसली. बिचाऱ्या लाजाळू असतात, असं मला वाटलं. कोळणी लाजाळू असतात असं वाटलेला मी मुंबईतला पहिलाच इसम असेन, कारण तिथं मासळीबाजार आहे.

हिराबाय माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी जेव."

आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात आणि पाहुण्यानं आधी नको म्हणायचं असतं. या दोन ओळींचा प्रवेश तीनदा झाल्याशिवाय पान वाढलं जात नाही. इथं विचारायची पद्धत नाही, सरळ वाढतात. तांदळाची भाकरी, कांद्यावर परतलेला जवळा, आणि ताटाच्या कडेला भाजलेला सुका बोंबील. आमच्या घरात लसूणसुद्धा पाहुण्यासारखा येतो. मी दोन घास संकोचानं खाल्ले आणि पुढच्या तीन भाकऱ्या निर्लज्जपणे.

हात धुऊन येतो तो हिराबाय घराच्या मागून एक फडक्यात बांधलेला तुकडा घेऊन आली. काळपट, भेगाळलेला, एका बाजूनं फुटलेला. मी मनात टाळी वाजवली. हुबेहूब डब्यावरचं चित्र! तिनं तो सहाणेवर एकदा फिरवला, "वामनच्या नावानं," असं म्हणाली आणि माझ्या हातात दिला. "पोराची लाळ थांबली का परत आनायचा. इसरायचं न्हाय."

एस्टी सुटायच्या आधी हुसेनभाईंना दाखवायला फडकं उघडणार होतो, पण त्यांनी हात जोडून थांबवलं. "नको, झाकून न्या. नशीब तुमचा. अख्ख्या कोळीवाड्यात एकच हाय तो. आन्‌ कमळीचा तोंड अजून बरा न्हाय."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हिराबायचं घर तिथून शंभर पावलांवर होतं आणि माझी कायम नोकरी तिथून मुंबईला होती. मी एस्टीत बसलो. हे लपवता आलं असतं. पण या प्रवासात मी जे केलं त्यात एवढीच एक गोष्ट आहे जिची मला खरोखर लाज वाटते.

मुंबई

"दहा शेर कुठाय?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, दुर्मिळ आहे. दुर्मिळ म्हटल्यावर साहेब खूश झाले. मी पुढे तोंड उघडायच्या आत तुकडा खलबत्त्यात पडला. तो फुटताना उडालेला सुपारीएवढा खडा मी पायाखाली दाबला आणि नंतर खिशात घातला.

चार वाजता कप आले. साहेबांनी डोळे मिटून घोट घेतला आणि बराच वेळ उघडले नाहीत. "अरण्याचा वास आहे," ते म्हणाले. "रशियनपेक्षा सरस." हेडक्लार्कचे गुडघे जे एकदा बरे झाले होते ते आणखी बरे झाले. मलाही तो वास ओळखीचा वाटला. तुरट, खारट, नाकात बसून राहणारा. कुठं घेतला होता ते काही केल्या आठवेना, आणि आठवायचा धीरही नव्हता. प्रत्येक घोटाला कमळीचं ते न ऐकू येणारं रडणं मला ऐकू येत होतं.

संध्याकाळी सुमतीला सगळं सांगितलं. दातांसकट सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले.

"नाव काय सांगितलंत?"

"वामन."

"साहेबांचं?" तिनं बोटांना चिकटलेली कणीक काढली. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर बरं नाव दिलं असतं."

चार वर्षांत आमच्यात या विषयावर झालेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही एका खोट्या पोरापायी. तिनं हात धुतले आणि विचारलं, "त्या मुलीचं काय झालं असेल? उद्याची लाँच किती वाजता आहे?"

पुन्हा आगरदांडा

या खेपेला चप्पल सुमतीच्या सांगण्यावरून आधीच हातात घेतली. वाटेत मी माफीची चार भाषणं तयार केली. एकाचाही उपयोग झाला नाही, कारण ओटीशी पोचताच समोर कमळी दिसली. आजीच्या मांडीवर उताणी पडून, पाय झाडत, स्वतःची मूठ चोखत होती. गाल हे असे!

खिशातला सुपारीएवढा खडा मी हिराबायपुढे ठेवला. "एवढाच उरला. मला मूल नाही. मी खोटं बोललो. तुमचा फणसांबा आमच्या साहेबांनी कुटून प्याला."

"प्याला?" हिराबायनं डोळे मोठे केले.

"सगळ्या ऑफिसनं प्याला."

तिनं आधी सुनेला हाक मारली, मग शेजारणींना. सगळ्या जमल्यावर मला परत एकदा सांगायला लावलं. मग वरच्या दोरीकडे बोट दाखवलं. टांगलेल्या बोयांमध्ये एक अर्धाच होता, फुटलेला, काळपट, भेगाळलेला. "तो बघ. तुझ्या फणसांब्याचा भाऊ."

सालीच्या भांड्यात वर्षानुवर्षं शिजलेला, समुद्रात वर्षानुवर्षं भिजलेला बोया. वास कुठला ते तेव्हा आठवलं.

"दोन म्हयन्याच्या पोराला चार दात!" हिराबाय म्हणाली. "आमच्या इथं मुशी मासळीच्या पिलाला आसतात."

"मग कळलं होतं तर दिलात कशाला?" सुमतीनं विचारलं.

"पोराच्या नावानं मागितलं का रिकाम्या हातानं धाडायचं नसतं. रीत हाय. पोर खरं असतं तर खरा दिला असता." तिनं माझ्याकडे हनुवटी केली. "जसं पोर, तसा फणसांबा."

"पण वामन हे साहेबांचंच नाव आहे," सुमती म्हणाली.

"मंग ज्याच्या नावानं दिला त्यालाच पोचला की!"

सुमती ओटीवर बसली आणि पोट धरून हसली. सगळा कोळीवाडा हसत होता, पण मी तिच्याकडेच बघत होतो. अशी हसलेली ती मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

हसणं ओसरल्यावर हिराबायनं आतून डबा आणून खरा फणसांबा दाखवला. तपकिरी, थरांचा, घोड्याच्या खुरासारखा, एका अंगानं उगाळून उगाळून गुळगुळीत झालेला. मी ज्याला लहानपणापासून ओळखत होतो त्याला अशा रीतीनं वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पाहिलं. कमळी तोवर सुमतीच्या मांडीवर गेली होती आणि तिचा पदर चघळत होती. "किती वर्सं झाली लग्नाला?" हिराबायनं विचारलं. सुमती म्हणाली, चार. त्यावर कुणी उपास सांगितला नाही, कुणी देव सांगितला नाही, कुणी चुकचुकलंही नाही. आमच्या नातेवाइकांना चार दिवस या गावी आणून ठेवायला हवं, असं मला फार वाटलं.

निघताना हिराबायनं कोयत्यानं फणसांब्याची एक ढलपी काढली आणि सुमतीपुढे धरली. सुमतीनं हात मागे घेतला.

"माझ्याकडे नाव नाही कुणाचं," ती म्हणाली.

"नाव मागनं कळव," हिराबाय म्हणाली, आणि ढलपी तिच्या पदराच्या टोकाला स्वतःच्या हातानं गाठ मारून बांधली.

मुंबईला आल्यावर मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी खणातून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "गद्रे, फणसांब्याची लेबलं छापून झाली आहेत." त्याच आठवड्यात मी कायम झालो. खरं बोलल्याचं बक्षीस इतक्या लवकर मिळालेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. अट एवढीच की ते पुन्हा बोलायचं नाही. हेडक्लार्कचे गुडघे अजून उत्तम आहेत.

ढलपी आमच्या घरी फळीवरच्या डब्यात आहे. सुमती महिन्यातून एकदा ती काढते, खिडकीत उन्हाला ठेवते आणि संध्याकाळी परत ठेवून देते. मधूनच, भाजी निवडताना किंवा दिवा लावताना, ती एखादं नाव मोठ्यानं म्हणून बघते आणि मला विचारते, कसं वाटतं? मी सांगतो, चांगलं आहे. ती म्हणते, बघू. आगरदांड्याला अजून काही कळवलेलं नाही.